अकरावीतला भाऊ एकदम बदलला, हे डिप्रेशन आहे का घरच्या परिस्थितीचं टेन्शन? (यवतमाळ जिल्हा)

चाकणवाला_आर्णीकर

नमस्कार, इथं बरेच जण आपल्याइकडचे दिसले म्हणून विचारून राहिलो. मी आर्णी तालुक्यातला, सध्या चाकणला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहो. लहान भाऊ 16 चा आहे, अकरावी सायन्सला, गावावरून तालुक्याला एसटीनं जाणं-येणं करते. दहावीत शाळेतून पहिला आला होता अन् आता दिवाळीपासून पोरगा ओळखू येत नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागा, सकाळी उठत नाही, आईनं वाढलं की दोन घास खाते अन् ताट सरकवते. काही बोललं की अंगावर येते, याच्याआधी बाबासमोर त्यानं कधी आवाज चढवला नव्हता अन् आता भांडे फेकते. क्रिकेट सोडलं, मित्र सोडले, खर्रा (तंबाखू-सुपारी) सुरू केला असं आई म्हणते. डोकं दुखते, पोट दुखते हे रोजचंच, गावातल्या डॉक्टरनं सलाईन लावली, गोळ्या दिल्या, फरक काहीच नाही.

घरची परिस्थिती सांगतो म्हणजे अंदाज येईल. पाच एकर कोरडवाहू, सोयाबीन अन् तूर, थोडी परहाटी (कापूस). सोसायटीचं पीककर्ज थकलेलं, त्याच्यावर आईच्या नावानं महिला गटातून फायनान्सचं कर्ज, त्याचा माणूस दर आठवड्याला दारात गाडी लावून बसते अन् पैसे हातात पडल्याशिवाय उठत नाही. सोयाबीनचा हमीभाव 4892 होता त्या साली बाबानं चार हजाराच्या आसपास विकलं, कारण थांबायची सोयच नव्हती. मी जमेल तेवढे पाठवतो पण आमच्या कॉन्ट्रॅक्टला मधात ब्रेक देतात, त्या महिन्यात घरी काहीच जात नाही.

अन् एक गोष्ट मला आता आता समजली. ज्या प्रायव्हेट क्लासला तो जात होता त्यांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फी बाकी असलेल्या पोरांची यादी टाकली होती, नाव अन् समोर रक्कम, सगळ्या पोरापोरींच्या मोबाईलवर. तो त्याच दिवशी ग्रुपमधून लेफ्ट झाला अन् क्लास बंद. घरी कोणाला एक शब्द बोलला नाही, मला त्याच्या मित्रानं स्क्रीनशॉट पाठवला म्हणून माहीत.

घरी प्रत्येकाचं मत वेगळं. बाबा म्हणते पोट्टं बिघडलं, मोबाईल काढून घ्या. आजी म्हणते बाहेरचं काही लागलं. मामा म्हणते शिकवणं बंद करा, माझ्यासंगं कामाला लावा. अन् परवा फोनवर मला म्हणे, दादा मी नसतो तर तुमचा खर्च तरी वाचला असता. तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही.

विचारायचं हे की हे डिप्रेशन असू शकते का, की घरी पैसा नसला की असं होतंच अन् पैसा आला की आपोआप जाईल? दाखवायचं असलं तर आपल्या भागात कुठं अन् किती खर्च? सुट्टी काढून यायला तयार आहो पण आल्यावर नेमकं काय करायचं ते समजून नाही राहिलं.

कास्तकार_नेर

भाऊ वाईट नको मानू पण मी सरळ बोलतो. आमच्या वक्ताले आम्ही दोन-दोन कोस पायी शाळेत गेलो, बापानं वावर गहाण टाकलं होतं, घरात दिवा लावाले रॉकेल नसे, आमच्यातल्या कोणाले डिप्रेशन नाही आलं. हे शहरातल्या लोकायचं आहे. पोट्ट्याले सकाळी वावरात ने, ढोरामागं पाठव, घाम निघाला की रात्री आपोआप झोप लागन. मोबाईलनं ह्या पिढीचं डोकं पोखरलं. रब्बीत जागलीले, रातच्या वावराच्या राखणीले पाठवत जा, जिम्मेदारी अंगावर पडली की पोरगं सुधरते.

आशाताई_पांढरकवडा

चाकणवाले दादा, बाकी सगळं मागून वाचा. आधी आत्ताच घरी फोन लावा अन् आईले सांगा की फवारणीचं जेवढं औषध घरात, कोठ्यात, माळ्यावर असन ते सगळं कुलपात टाका नाहीतर दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवा. पोराले सांगाची गरज नाही. अन् नेरच्या भाऊंचं ऐकून त्याले एकट्याले रात्री जागलीले बिलकुल पाठवू नका. मी नसतो तर बरं झालं असतं असं लेकरू बोललं म्हणजे ते हवेत सोडून द्याचं नसते.

दुसरं, त्याले सरळ विचारा, जीव नकोसा वाटते का, मरून जावं असं मनात येते का. लोकं घाबरतात की विचारलं तर डोक्यात भरन. तसं होत नाही, आमच्या ट्रेनिंगमध्येही हेच शिकवलं अन् मी स्वतः विचारलेलं आहे, उलट लेकराले हायसं वाटते की कोणी तरी विचारलं. तो हो म्हणाला तर ओरडू नका, रडू नका, त्याच्याजवळ माणूस ठेवा अन् दुसऱ्या दिवशीची वाट न पाहता दवाखान्यात न्या.

14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाईनचा नंबर आहे, सरकारचा आहे, फुकट आहे, रात्री-बेरात्री लागते अन् मराठीत बोलतात. तुम्ही स्वतः चाकणवरून लावू शकता, पेशंटनंच लावला पाहिजे असं काही नाही.

आम्ही गावात घरोघरी जातो तेव्हा घरच्या कर्त्या माणसाले विचारतो, काका झोप लागते का, टेन्शन आहे का. अन् लेकरू तिथंच दाराच्या आड पुस्तक घेऊन सगळं ऐकत असते, त्याले कोणी विचारत नाही. मी आता विचारते.

मास्तर_दारव्हा

मी नववी-दहावीला गणित शिकवतो, तेही अशाच गावात, म्हणून थोडं मोठं लिहितोय.

नेरच्या भाऊंना आधी. तुमचं कष्ट खरं आहे, पण तेव्हा अख्खं गाव पायी जात होतं. आज एकाच बसमध्ये एक पोरगा पॉवर बँक लावून नीटचे लेक्चर बघतो आणि शेजारचा पासचे पैसे कमी पडले म्हणून महिन्यातून चार दिवस घरी राहतो, आणि दोघांची नावं एकाच ग्रुपवर येतात. सगळ्यांकडेच नसणं आणि फक्त आपल्याकडे नसणं यात पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला जमीन-अस्मानाचा फरक वाटतो, आणि त्या वयात आपल्याबद्दल दुसरे काय विचार करतात यापेक्षा मोठं काहीच नसतं.

आता चाकणवाले भाऊ, मला एक सांगा, तुमच्या घरी ई-पीक पाहणी कोण करतं? पीक विम्याचा फॉर्म, पीएम किसानची केवायसी, फार्मर आयडी, बँकेचे मेसेज वाचून दाखवणं? माझा अंदाज आहे की हा पोरगाच करतो, कारण घरात शिकलेला आणि मोबाईल समजणारा तोच आहे. आमच्या वर्गात मी हे रोज बघतो. मागे चक्रवाढ व्याज शिकवत होतो, मुद्दल कमी झालं की व्याज कसं कमी होतं ते फळ्यावर दाखवलं, तर मागच्या बाकावरचा एक पोरगा उभा राहिला आणि म्हणे सर असं नसते, आमच्या घरी येतात ते फ्लॅट लावतात, मुद्दल फेडत गेलो तरी व्याज पहिल्याच रकमेवर. आणि त्यानं आईच्या कर्जाचं गणित तोंडी करून दाखवलं, आठवड्याचा हप्ता, राहिलेले आठवडे, सगळं पाठ. उत्तर बरोबर होतं. त्या पोराला मी शाबासकी दिली, पण घरी जाताना डोक्यात हेच चालू होतं की नववीतल्या लेकराला हे पाठ असायला नको.

म्हणजे मला काय म्हणायचंय, की घरात पैसा किती येतो यापेक्षा त्या पैशाची काळजी कोणाच्या डोक्यावर आहे हे बघा. आपल्याकडे बाप बोलत नाही, आई पोरासमोर रडते, आणि पोरगा घरातला मुनीम होऊन बसतो. उत्पन्न शून्य आणि हिशोब सगळा. मग त्याला वाटतं की खर्चाच्या यादीत सगळ्यात मोठी रक्कम मीच आहे. तुमच्या भावाचं वाक्य याच्यातूनच आलंय.

करण्यासारखं आहे ते सांगतो. त्या क्लासवाल्याकडे तुम्ही स्वतः फोन करून यादी काढायला सांगा, शांतपणे सांगा पण सांगाच, आणि बाकीचं काय ते माझ्याशी बोला पोराशी नाही असं बजावा. अनुदानित ज्युनिअर कॉलेजची फी क्लासच्या मानाने काहीच नसते, क्लास सुटला तर सुटू द्या, कॉलेज सुटू देऊ नका. महाडीबीटीवर त्याच्या प्रवर्गाप्रमाणे शिष्यवृत्ती बघा, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून तुम्ही आल्यावर काढा, त्याला पाठवू नका. मुलांना एसटीच्या पासात दोन तृतीयांश सवलत आहे, मुलींना तर बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफतच आहे. ज्यांच्या घरी आठवीतलं लेकरू आहे त्यांनी एनएमएमएस शिष्यवृत्तीचा फॉर्म सोडू नका, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि अनुदानित शाळेतल्या पोरांसाठी आहे, उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत पाहिजे, लागली तर नववी ते बारावी वर्षाला 12000 येतात, आणि ते त्या पोराच्या नावावर येतात. मी अशा पोरांचा चेहरा बघितलाय, घरात आपणही काही आणतो ही भावनाच वेगळी.

आणि तो फायनान्सवाला. रिझर्व्ह बँकेचा मायक्रोफायनान्सचा नियम एप्रिल 2022 पासून लागू आहे. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करायचा नाही. वसुली ठरलेल्या जागी करायची, कर्जदार तिथं लागोपाठ दोनदा आला नाही तरच घरी किंवा कामाच्या ठिकाणी यायचं. आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जायला नको. आईला हे सांगा आणि पुढच्या वेळी तो आला की फोन स्पीकरवर टाकून तुम्ही त्याच्याशी बोला. लेकराच्या देखत दारात बसणं बंद झालं तरी घरातली हवा बदलेल.

पीजी_सेवाग्राम

कम्युनिटी मेडिसिनला आहे, त्यामुळे गावंच फिरतो. इथं बसून निदान करता येत नाही आणि करूही नये, पण तुम्ही लिहिलेलं वाचून मी माझ्या घरच्या माणसाला दाखवायलाच सांगितलं असतं.

किशोरवयात डिप्रेशन बऱ्याचदा उदासीसारखं दिसतच नाही, चिडचिडीसारखं दिसतं. मोठा माणूस गप्प बसतो, पोरगा भांडी फेकतो, म्हणून घरच्यांना वाटतं वाया गेला. झोप उलटी होणं, भूक जाणं, आवडीची गोष्ट सुटणं, डोकं-पोट दुखणं आणि तपासणीत काही न सापडणं, स्वतःला ओझं समजणं, हे दोन आठवड्यांच्या वर जवळजवळ रोज राहिलं तर ते वय आहे म्हणून सोडून देण्यासारखं नसतं. दवाखान्यात नऊ प्रश्नांची एक साधी प्रश्नावली भरून घेतात, त्यातला शेवटचा प्रश्न जिवाबद्दलच्या विचारांचा असतो, तिथं शून्य सोडून काहीही आलं तर बाकीची बेरीज कितीही असो डॉक्टर थांबून बोलतात. सोबत हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-12 बघून घ्यायला सांगा, त्यांच्या कमतरतेनंही असाच थकवा येतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न, पैसा आणि डिप्रेशन. संबंध आहे, पक्का आहे. 2013 साली जगभरातल्या अभ्यासांचा एक मोठा आढावा आला होता, त्यात सामाजिक-आर्थिकदृष्ट्या मागे असलेल्या घरातल्या मुलांना मानसिक त्रास होण्याचं प्रमाण दोन ते तीन पट दिसलं. पण पैसा आला की आपोआप जातं का, याचं उत्तर सरळ नाही. अमेरिकेत चेरोकी आदिवासींच्या भागात पोरांचा अभ्यास चालू असतानाच 1996 मध्ये तिथं कॅसिनो उघडला आणि जमातीतल्या प्रत्येक घरात त्याच्या नफ्याचा वाटा यायला लागला. म्हणजे पैसा खरोखरच बाहेरून आला, कोणाच्या कष्टाचा किंवा हुशारीचा त्यात संबंध नाही. जी घरं गरिबीतून वर आली त्यांच्या पोरांची मारामारी, उद्धटपणा, नियम मोडणं हे कमी होऊन बाकीच्यांच्या बरोबरीला आलं, आणि त्याचं मोठं कारण असं निघालं की आईबापांना पोरांकडे बघायला वेळ मिळाला. पण उदासी आणि भीतीची लक्षणं त्या काळात तशीच राहिली. 2003 मध्ये हे छापून आलंय. मी यातून एवढंच घेतो की तुम्ही उद्या सगळी बाकी भरली तरी पोराचं आत बसलेलं दुखणं वेगळं बघावं लागेल, आणि उलटंही तेवढंच खरं, नुसती गोळी दिली आणि दारातला माणूस तसाच बसून राहिला तर तीही पुरी पडणार नाही.

मास्तरांनी जे लिहिलं ते आम्हाला फॉर्म भरताना रोज जाणवतं. घराची सामाजिक-आर्थिक पातळी मोजायला आम्ही बी. जी. प्रसाद यांची पद्धत वापरतो, ती डोई महिन्याच्या उत्पन्नावर चालते. ग्रामीण भागासाठी उदय पारीक यांची आहे, त्यात जमीन, घर, ढोरं, शिक्षण असं सगळं धरतात. पाच एकरवाला कास्तकार जमिनीमुळे मजुरापेक्षा वर जातो. प्रत्यक्षात त्याच घरात वर्षातून एकदा पैसा येतो, तोही पावसावर, आणि सातबारावर बोजा असतो. मजुराच्या घरी कमी असेल पण आठवड्याला येतं. पारीकच्या मार्कांत हे दिसत नाही. विक्रम पटेल आणि आर्थर क्लाइनमन यांनी 2003 मध्येच डब्ल्यूएचओच्या बुलेटिनमध्ये मांडलं होतं की नुसत्या कमी उत्पन्नापेक्षा असुरक्षितता, आशा तुटणं, झपाट्यानं होणारे सामाजिक बदल हे जास्त त्रास देतात. आपल्या भागाला हे तंतोतंत लागू आहे असं माझं स्वतःचं मत झालंय.

नेरच्या काकांना एवढंच, की हे शहरातलं नाही. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत विश्राम नावाचा कार्यक्रम झाला, त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये आले. तो मोठ्या माणसांचा होता, पण बघा, सुरुवातीला डिप्रेशन असलेल्या शंभरातले चार-पाच जण कुठंतरी उपचाराला पोहोचत होते, गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी बोलायला सुरुवात केल्यावर ते सत्तावीसवर गेलं. माणसं आजारी होतीच, कोणी विचारत नव्हतं.

कुठं न्यायचं: आर्णीहून सगळ्यात जवळ यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तिथं मनोविकार विभाग आहे. वर्ध्याकडे यायचं तर सेवाग्राम आणि सावंगी दोन्हीकडे आहे. त्याच्याही आधी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात विचारा, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम कोणत्या वारी येते, आणि किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतं तिथं समुपदेशक असतात. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरसकट सगळं मोफत आहे. मेडिकल कॉलेजात थोडे पैसे लागतात पण फार नाही.

वर्धेची_बीएवाली

दादा मी आता बीए सेकंड इयरला आहे. मी ह्यातून गेलेली आहे म्हणून लिहिते, नाहीतर मी इथं नुसती वाचत असते.

बाबा आजारपणात गेले तेव्हा मी नववीत. आई कापूस वेचणीला जायची, किलोमागं पैसे, सीझनमध्ये मी पण शाळा बुडवून जायची कारण दोघी गेलो तर जास्त होते. दहावीत मला काहीच नको वाटायला लागलं. नुसतं पडून राहावं वाटायचं, केस विंचरावेसे वाटायचे नाही, वर्गात सर बोलत असायचे अन् मला आवाज ऐकू यायचा पण शब्द समजायचे नाही. सगळे म्हणायचे अशक्तपणा आहे, अन् रक्त खरंच खूप कमी होतं माझं. आपल्याइकडच्या पोरींना तर ते असतेच, सरकारच्या 2019-21 च्या सर्वेक्षणात देशभरातल्या 15 ते 19 च्या पोरींमध्ये 59 टक्के जणींना अ‍ॅनिमिया निघाला. गोळ्या खाल्ल्या, रक्त वाढलं, धाप लागणं थांबलं, पण उठावंसं वाटेचना. तेव्हा मग आमच्या आशाताईनं आईला सांगून रुग्णालयातल्या समुपदेशक मॅडमकडे नेलं. चार-पाच वेळा गेल्यावर मला पहिल्यांदा भूक लागली, हे मला चांगलं आठवते, मी आईला म्हटलं भाकर दे अन् आई माझ्याकडे बघतच राहिली.

तुम्हाला एक सांगायचं आहे, प्लीज वाईट नका वाटून घेऊ. आम्ही तुझ्यासाठी एवढं करतो, दादा तुझ्यासाठी चाकणला राबते, तू फक्त शिक, हे वाक्य त्याच्यासमोर सगळ्यांनी बंद करा. मला हे ऐकलं की वाटायचं आईचे हात माझ्यामुळे फाटले. प्रेमानंच म्हणतात पण आतून माणूस अजून खाली जाते. त्याच्यापेक्षा त्याला सांगा की कर्ज तू दहावीत होता तेव्हाही होतं, तू जन्मला नसता तरी राहिलं असतं, पाऊस अन् भाव तुझ्या हातात नाही.

अन् आमच्या शाळेतल्या क्लार्क मॅडमनं माझी बोर्डाची फी भरून टाकली होती, मला कधी बोलल्या नाही, मला दोन वर्षांनी समजलं. त्या मॅडमसाठी मी आजही रडते.

ज्यांच्या घरी वडील किंवा आई नाही त्यांनी बालसंगोपन योजनेचा फॉर्म भरा, एका मुलामागं महिन्याला 2250 येतात, 18 वर्षांपर्यंत. महिला व बालविकासच्या जिल्हा ऑफिसला चौकशी करा. आम्हाला खूप उशिरा समजलं.

कास्तकार_नेर

पोरी तुझं वाचलं. माझी नात नववीत आहे, तिचंही डोकं रोज दुखते अन् आम्ही तिले चष्म्याचं म्हणून सोडून दिलं. डॉक्टर साहेब, नेरच्या दवाखान्यातही ते मैत्रीवालं असते का?

पीजी_सेवाग्राम

काका, रुग्णालयात जाऊन किशोरवयीन समुपदेशक कोणत्या दिवशी बसतात एवढं विचारा, ते सांगतील. डोळेही तपासून घ्या, दोन्ही करा. आणि तिच्याशी आजीला एकटीनं बोलू द्या, घरातल्या चार पुरुषांसमोर पोरी सांगत नाहीत.

मास्तर, तुमच्यासाठी पण एक. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात 74 शाळांत नववीच्या पोरांवर प्रयोग झाला होता, 2018 मध्ये लॅन्सेटमध्ये आला. काही शाळांत बाहेरून एक साधा प्रशिक्षित तरुण समुपदेशक दिला, काही शाळांत तेच काम शिक्षकांना दिलं, काही शाळांत काहीच नाही. समुपदेशक होता तिथं शाळेतलं वातावरण सुधारलं, डिप्रेशनची लक्षणं आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांवर टाकलं तिथं फरक पडला नाही. शिक्षक वाईट होते असं नाही, त्यांना खिचडीपासून जनगणनेपर्यंत सगळंच असतं, आणि जो मार्क देतो त्याच्याजवळ पोरगं मोकळं होत नाही. शाळांच्या प्रत्येक केंद्राला निदान एक असा माणूस मिळायला पाहिजे, त्याला एमबीबीएस असायची गरज नाही.

मास्तर_दारव्हा

पटलं. आमच्या शाळेतून तशी लेखी मागणी करतो, मुख्याध्यापकांशी बोलतो. ग्रामपंचायतीचा ठराव पण जोडता येईल.

चाकणवाला_आर्णीकर

सगळ्यांचे खूप खूप आभार. आशाताई, तुमचं वाचल्या वाचल्या घरी फोन केला, आईनं औषधाचे डबे काकाच्या घरी नेऊन कुलूप लावलं. मास्तर तुम्ही म्हटलं तसंच निघालं, विमा, केवायसी सगळं तोच करते.

काल रात्री व्हिडिओ कॉलवर बोललो त्याच्याशी, तो वरच्या खोलीत अन् मी कंपनीच्या गेटबाहेर. ताईंनी सांगितलं तसं सरळच विचारलं. आधी काहीच बोलला नाही, मग रडायला लागला, थांबेचना. मनात येते म्हणाला, ठरवलेलं काही नाही म्हणाला. अन् मग सांगितलं की दिवाळीच्या आधी सोसायटीची नोटीस आली होती, बाबानं वाचायला दिली, त्यानं व्याजासकट रक्कम वाचली अन् बाबाला कमी सांगितली. बाबाचं बीपी आहे म्हणून. ती नोटीस तेव्हापासून त्याच्या दप्तरात आहे, केमिस्ट्रीच्या वहीत. त्याला वाटून राहिलं की त्याच्या खोटं बोलण्यामुळे आता वावर जप्त होईल अन् बाबा काही करून घेईल.

आई रात्री त्याच्याजवळच झोपली. मी आज रात्रीच्या गाडीनं निघून राहिलो, सकाळी थेट यवतमाळला उतरतो, काका त्याला तिथंच घेऊन येते. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. एक त्या नोटिशीचं काय करू? अन् बाबा म्हणते मेंदूच्या गोळ्या सुरू केल्या की जन्मभर सुटत नाही, पोरगा सुस्त होऊन पडते. त्यांना काय सांगू?

मास्तर_दारव्हा

नोटीस आली म्हणजे उद्या जप्ती असं नसतं, हे पोराला आजच, गाडीत बसायच्या आधी फोन करून सांगा. थकबाकीची नोटीस दरवर्षी अर्ध्या गावाला येते. दवाखाना झाल्यावर तुम्ही आणि बाबा सोसायटीच्या गटसचिवाकडे जा, नोटीस सोबत न्या, कर्जाचं पुनर्गठन किंवा तडजोडीत काय बसतं ते विचारा आणि जे सांगतील ते लिहून घ्या. खरी रक्कम बाबांना तुम्ही सांगा. तो खोटं बोलला असं म्हणू नका, त्यानं बापाला जपलं असं सांगा, कारण तेच खरं आहे. आणि यापुढे घरचा कागद तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून येईल, तुम्ही वाचाल, असं ठरवूनच टाका.

आशाताई_पांढरकवडा

दादा, दवाखान्यात डॉक्टरले त्याच्याशी एकट्याशी बोलू द्या, तुम्ही बाहेर बसा. अन् खर्ऱ्याचं आत्ताच काढू नका, ते पुढच्या वेळी.

पीजी_सेवाग्राम

बाबांना हे सांगा. पहिली गोष्ट, गोळी लागेलच असं नाही, त्रास सौम्य असेल तर आधी बोलण्याचे उपचार करतात. लागली तर या वयात बहुतेक फ्लुओक्सेटिन देतात, ती नशेची किंवा झोपेची गोळी नाही, तिची चटक लागत नाही. फरक दिसायला तीन-चार आठवडे जातात, त्यामुळे आठ दिवसांत काही झालं नाही म्हणून बंद करू नका, आणि बरं वाटलं म्हणूनही स्वतःहून बंद करू नका, साधारण बरं वाटल्यानंतर सहा महिने तरी चालू ठेवतात आणि मग डॉक्टर हळूहळू कमी करून थांबवतात. सुरुवातीचे काही आठवडे मात्र त्याच्याकडे जास्त लक्ष ठेवायचं, अस्वस्थपणा किंवा ते विचार वाढल्यासारखे वाटले तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच न्यायचं. गोळ्या आईच्या ताब्यात ठेवा, रोजची रोज हातात द्या.

ओपीडी सकाळची असते, नऊच्या आत पोहोचा म्हणजे केसपेपरची रांग लवकर संपेल. गावातल्या डॉक्टरच्या चिठ्ठ्या आणि आधी केलेले काही रिपोर्ट असतील तर काकांना सोबत आणायला सांगा. आणि मनात येतं असं तो काल म्हणाला, हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, शेवटी नाही.